इटलीत डोललेली मान

तुम्ही मला जिद्दी म्हणता ना, मग त्याची सुरुवात ऐका. मेलबर्नच्या युनीतून, म्हणजे युनिव्हर्सिटीतून, मी एक सेमिस्टर इटलीला एक्स्चेंजवर गेले होते. तिथे परीक्षा तोंडी, बाकीच्या मुलांसमोरच. सर समोर बसवून प्रश्न विचारतात, तिथल्या तिथे मार्क सांगतात आणि वर विचारतात, "मान्य आहे?" नाही म्हटलं की मार्क रद्द, परीक्षा पुन्हा.

मला तीसपैकी वीस मिळाले. पास अठराला, आणि आपल्या युनीला नुसतं पास पुरत होतं. "मान्य?" सरांनी विचारलं. मी खुशीत मान डोलावली, आपली नेहमीची, या खांद्यावरून त्या खांद्याकडे. त्यांनी मार्कांवर सरळ काट मारली!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागे बसलेली माझी रूममेट जुलिया टाळ्याच वाजवायला लागली. "वीसला नाही म्हणालीस? काय हिंमत!" बाहेर अख्खा वर्ग मिठ्या मारत होता. आता कुठल्या तोंडाने सांगू, की बाई गं, मी हो म्हणत होते?

मेलबर्नजवळच्या आमच्या घरून, ट्रुगानिनाहून, आईचा फोन. "अगं, सरांना मेल कर, चूक झाली म्हण."

"नाही आई. आता नाही म्हटलंय ना, मग नाहीच."

तीन आठवडे लायब्ररीत ठाण मांडलं. दुसऱ्या वेळी अठ्ठावीस! सर म्हणाले, "मागच्या वेळी नकार दिलास तेव्हाच ओळखलं, मुलगी जिद्दी आहे. मान्य?"

मी दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरलं आणि म्हटलं, "हो!"