केतनचे दाणे

दिघीला फेरीबोटीच्या रांगेत नेत्रा तोंडावर ओढणी धरून उभी होती. दातांना कालच तारा बसवल्या होत्या. पुढे दोन म्हाताऱ्यांचं चाललं होतं.

"कृष्णे, तुझा केतन कंपनीत करतो तरी काय?"

"स्टीलच्या भुकटीत मेण कालवून दाणे करतात. दुसरे कारखाने ते साच्यात दाबून भट्टीत भाजतात. मेण जातं, स्टील ऱ्हातं."

"म्हंजे त्याची स्वतःची वस्तू काय न्हाय."

"न्हाय कशी? घड्याळात हाय. दातांच्या तारा धरून ठेवणारे बारके ठोकळे असतात, त्यांत हाय."

"मग दाखव की एक!"

"आता जेटीवर कुठनं दाखवू?"

नेत्राने ओढणी खाली केली. "हे बघा, आजी."

"आगो बाय! बघ गो, नीट बघ! आणि पोरी, तोंड कशाला झाकतेस? माझ्या केतनचं काम हाय ते!"