पाकमावशींचा नोरिगे

आदरणीय अध्यक्ष वासुदेवराव, आजच्या सत्कारमूर्ती पाकमावशी, व्यासपीठावरील ज्येष्ठ मंडळी, आणि स्टुटगार्टमधल्या माझ्या बंधुभगिनींनो,

बोलायला उभी राहिलेय खरी, पण सकाळपासून नुसत्या साड्या बदलतेय. एका जागी बसवत नाही.

कोरियाहून तरुणपणी नर्स म्हणून आलेल्या मावशी आमच्या शेजारीण; पाक हे त्यांचं आडनाव. इथल्या किती जणींच्या बाळंतपणात त्या उशाशी होत्या, हे मी सांगायला हवं का? आता त्या बुसानला, एकट्या पडलेल्या बहिणीकडे कायमच्या निघाल्यात. शुक्रवारचं विमान आहे.

गेल्या आठवड्यात त्या धापा टाकत आमच्या दारात आल्या. "शोभना, माझा नोरिगे सापडत नाही!"

नोरिगे म्हणजे त्यांच्या पारंपरिक पोशाखात चोळीच्या बंदाला अडकवायचा दागिना. रेशमी गोफाच्या गाठींत ओवलेलं पोवळं, खाली लांब गोंडा. मावशींना तो आईने दिलेला. तो लेवून बहिणीला भेटायचं, असं त्यांनी कधीचं ठरवलेलं. आम्ही बांधलेली खोकी फोडली, खालचं तळघर उपसलं. आमचे हे म्हणाले, "अहो मावशी, घोटभर पाणी तरी घ्या." पण त्या कसल्या थांबतात!

तेवढ्यात त्यांची मुलगी सूमी आली. इथेच जन्मलेली, अबोल. तिने कोटाच्या खिशातून नोरिगे काढून टेबलावर ठेवला.

"मीच नेला होता. वाटलं, याच्याशिवाय तू जाणार नाहीस."

मावशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी निघाले तेव्हा आईने तो स्वतः माझ्या हातात दिला. मग आत जाऊन दार लावून घेतलं." आणि त्यांनी तो सूमीपुढे सरकवला. "आता तुझ्याकडे राहू दे."

"मला दागिना नको, आई. तू हवीस."

मंडळी, आपले आईवडील तिकडे, मुलं इकडे. याला उत्तर आपल्यापैकी कोणाकडे आहे?

मग सूमीनेच नोरिगे रुमालात गुंडाळून आईच्या बॅगेत ठेवला. चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. विमानतळावर सोडायलाही तीच जाणार आहे.

सूमी, "आम्ही आहोत ना" असं मी म्हणणार नाही. आईची जागा आम्हाला कशी घेता येईल? पण शुक्रवारी परतताना थेट तुझ्या रिकाम्या घरी जाऊ नकोस. आमची बेल वाजव.

मंडळाने मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. मन थाऱ्यावर नसताना काही कमी-अधिक बोलले असेन, तर पोटात घाला.