एका सहीची अडचण

लोकप्रशासनाच्या शेवटच्या सत्राच्या नोंदणीची आज अखेरची तारीख होती. नातीचा फॉर्म घेऊन रांगेत उभ्या असलेल्या निवृत्त पोस्टमनच्या कानावर पुढच्या बाईंचं आणि खिडकीतल्या कारकुनाचं बोलणं पडत होतं.

“ताई, मार्गदर्शकांची सही नाही.”

“सर रजेवर आहेत. विभागप्रमुखांची चालेल?”

“नियमात बसत नाही.”

“अहो, वर्ष वाया जाईल! नोकरी सांभाळून शिकतेय मी.”

“कुठे असता?”

“जन्मदाखल्यांच्या खिडकीवर.”

“तरीच चेहरा ओळखीचा वाटला! बाळाच्या दाखल्यासाठी तीन खेपा घालायला लावल्यात मला.”

“काहीतरी अपुरं असेल, दादा.”

“एक सही.”

“...नियमच आहे तसा.”

“मी तरी दुसरं काय म्हणतोय?”

“आज संध्याकाळी या. दाखला तयार ठेवते.”

“मग विभागप्रमुखांची सही चालेल.”

पोस्टमन नातीच्या फॉर्मवरच्या सह्या पुन्हा तपासू लागला.