आमगाव लाल दिसून राहिलं

...नाही, पन तुमीच सांगा, आमगावचा डबा बरा हाये का आजारी हाये, हे नागपूरच्या साहेबाले बसल्या जागी कायले पायजे? आमची पतसंस्थेची शाखा, चार कॉम्प्युटर, आन् चौघांच्याही तारा ज्या डब्यात खुपसल्या त्याले स्विच म्हनते. आता साहेबाची इच्छा, का स्विचनं आपली तब्येत स्वतःहून नागपूरले कळवत राहावी. त्याच्यासाठी एसएनएमपी! मी स्विचमंधी नागपूरच्या मशीनचा पत्ता टाकाचा, एक परवलीचा शब्द टाकाचा, तोच शब्द तिकडं असला का तिकडच्या पडद्यावर आमगावचा दिवा हिरवा. नाही त लाल.

आन् सकाळपासून तेच नागपूरचे भुवनेश्वर साहेब फोनवर, "अरे भाई, आमगाव लाल दिसून राहिलं! मी हिरवा पाह्यल्याबिगर शाखा सोडाची नाही!"

दुसऱ्या दिवशी पोळा! आमचा लाखा बैल माझ्याबिगर कोनाले झूल घालू देत नाही. बाप म्हनते, "तू नाही आला त लाखा तोरनाखाली उभा राहत नाही." आता सांगा, जीव लागंल का एसएनएमपीत?

पन टाकलं, सारं टाकलं! साहेब म्हनते, "हां... हिरवा झाला वाटते. सेव्ह नको करू, चाय पिऊन पक्का पाहतो." आन् सेव्ह न करता लाइट गेली का स्विच सारं विसरते... बसलो वाट पाहत.

तेवढ्यात आमचा चपराशी, खेमराजभाऊ, हातात लोनी-हळदीची वाटी. आला, आन् सरळ स्विचची लाइटची पिनच काढली!

"काऊन गा भाऊ?"

"सालभर सुट्टी नाही बाबू त्याले. राबनारा तो राबनाराच." आन् डब्याले दोन्हीकून लोनी-हळद चोळून राहिला, बैलाच्या खांद्याले चोळते तशी! "आज आवतन घे, उद्या जेवाले ये..."

फोन वाजला. "लाल दिसून राहिलं!"

लाल कुठचा साहेब, पिवळा झाला तो!

खेमराजभाऊ घरी गेल्यावर पिन लावली, पुन्हा सारं टाकलं, नागपूरले फोन केला. तिकडून कोनीतरी म्हनते, "साहेब तो गाँव गये, पोला है ना!" घ्या! आता हिरवा पाहनार कोन?

पोळ्याच्या दिवशी बंद शाखेत मी एकटा. खेमराजभाऊ आला, पिन काढली, डब्यावर झूल टाकली, समोर पुरनपोळीचं ताट ठेवलं. साहेबाचा पोळा झाला, स्विचचा झाला. लाखाले बापानंच झूल घातली म्हने, लाखा हूं का चूं बोलला नाही. त्याचं लागलं मले, खोटं कायले सांगू.

भूक लागली, ताटाकडं हात नेला. खेमराजभाऊ म्हनते, "खा ना बाबू. पन पहिले त्याले विचार."

विचारलं मी... पन जो नागपूरले जवाब देत नाही, तो मले काय देते!