इथलं ‘थोडंसं’

पोरिरुआ या परदेशी शहरातल्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या.

“आई, आत गेल्यावर ‘जीव जातोय’ म्हणू नकोस. मागच्या वेळी त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली होती.”

“अगं, गुडघा दुखला की जीव जातोच!”

“‘थोडंसं दुखतंय’ म्हण. इथे तेवढं पुरतं.”

“शेजारचा ग्रॅहमसुद्धा थोडंसंच म्हणाला होता. पाय मोडला होता मेल्याचा!”

“तेच सांगतेय. इथले लोक कमी करूनच सांगतात.”

“जुई…”

“काय?”

“पहिल्या वर्षी तू फोनवर म्हणायचीस, थोडंसं एकटं वाटतंय. मी म्हणायचे, होईल सवय.”

“बरं, मग?”

“ते इथलं थोडंसं होतं का गं?”

“चल, ऊठ. तुझं नाव पुकारलं.”

नर्स अजून बाहेरसुद्धा आली नव्हती.