कार्डाची मागची बाजू

अहो, फोटोतली मीच आहे. कार्ड असं उजेडात धरून एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे — काय चाललंय काय? प्राणी बघायला आलोय साहेब, तिजोरी उघडायला नाही. हे आमच्या गावच्या प्राणिसंग्रहालयाचं वर्षाचं कार्ड, अख्ख्या कुटुंबाचं, आणि ते तुमच्याकडेही चालतं असं तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी तिला सांगितलं — मला सांगितलं, मलाच, कार्ड काढलं तेव्हा. नाक बघा ना. नाक तेच आहे. केस तेच. जरा अंग सुटलंय, प्रवासात कुणाचं सुटत नाही? आणि ही माझी दोन पोरं — तो मोठा, कठड्याला टेकून तोंड फुगवून उभा आहे तो, आणि ही चिमणी. हिला विचारा हवं तर. चिमणे, मी कोण गं? — ऐकलंत? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर! एवढीशी पोर खोटं बोलेल का? मोठ्याला नका विचारू. त्याचा — दात दुखतोय त्याचा.

फोन कशाला उचललात? कुणाला लावताय? नाही, आपलं विचारते. चोराच्या मनात चांदणं म्हणाल, पण तसं काही नाही. काल त्या वस्तुसंग्रहालयाच्या दारावरचा माणूसही असाच टकमक बघत होता. तिथे लहान मुलं आईबापांबरोबर फुकट, पाटीच लावलीय तशी, तरी बघत होता. परवा तारांगणात तेच. या गावात माणसाला दोन पोरं असणं म्हणजे गुन्हा आहे की काय? आणि हे मागचे टोपीवाले बघा, कान कसे टवकारलेत. अहो टोपीवाले, तुमची पाळी आली की तुम्ही बोला. तोवर ते वाघाचं चित्र बघा.

आता तुम्हीच सांगा, पोरांना खोलीत किती कोंडायचं? दवाखान्यासमोरची खोली, एक पलंग, एक खिडकी, आणि खिडकीतून काय दिसतं — दवाखानाच. आत मुलांना सोडत नाहीत. मग दिवसभर जिथे स्वस्तात शिरता येईल तिथे शिरायचं, डबा घरचा, पाणी घरचं, पाय स्वतःचे. आणि संध्याकाळी खाली आवारात उभं राहायचं, वरच्या खिडकीतून ताई हात हलवते, आम्ही हात हलवतो — झालं. बोलले ना मी? तुम्ही आपले मख्खासारखे बसता आणि समोरच्याला बोलतं करता. पहिल्यापासून ओळखलं होतं मी तुम्हाला. ताकास तूर लागू देत नाही तुम्ही!

हो. ताईचं कार्ड, ताईची पोरं, ताईचाच फोटो. मी मावशी. पण मी काय चोरून आणलं का कार्ड? तिनेच दिलं, उशाखालून काढून — पोरांना पाणघोडा दाखव म्हणाली. आता तीच इथे येऊन उभी राहिली असती ना, तर तुम्ही तिला आत सोडलं नसतं. केस गेलेत सगळे. चेहरा एवढा झालाय, मुठीएवढा. डोक्याला टोपी. खालून चिमणी विचारते, ती वरची बाई कोण? फोटोसारखी आता ती दिसतच नाही, साहेब. मी दिसते. म्हणून मीच शिकवलं पोरांना — दारावर कुणी विचारलं तर आई म्हणायचं मला, दारापुरतं. गंमत म्हणून. मोठ्याचं तेव्हापासून तोंड फुगलंय. चिमणीला जमलं पटकन. फार पटकन जमलं. दार मागे पडलं तरी थांबेना. रात्री पाणी मागते तेही आई म्हणून. आणि मी उठते. काय करू? लहान लेकराला तहानलेलं ठेवू?

काल फोनवर ताईशी बोलत होते. मागून चिमणी ओरडली, आई, हे बघ! आणि फोनमधून ताई म्हणाली, बघते हं राजा, बघते. तिला वाटलं, तिलाच हाक मारली. आणि ही तर माझा पदर ओढत होती. मी काय केलं? फोन ठेवला. रेंज गेली म्हणाले. पण ताईला संशय आलाय. नंतर विचारलंन, पोरं माझ्याबद्दल काय बोलतात गं? असं का विचारावं तिनं? मोठ्यानं काही कळवलं असेल का? पुढच्या आठवड्यात घरी सोडणार आहेत तिला. आणि तिच्यादेखत चिमणी मला — नाही. तो विचारच नको. शेजारच्या खोलीतली बाई परवा कौतुकानं म्हणाली, माय मरो पण मावशी जगो, तर मी तिच्याशी बोलणंच टाकलं. माय जगायची आहे माझी! म्हणजे यांची. खोटं नाही बोलत हो, देवाशपथ, मला ती घरी यायला हवी आहे. तुम्ही असे का बघताय? तुम्हाला काय वाटतं, मला नको आहे?

काय दाखवताय? मागची बाजू? चष्मा पिशवीत आहे, तुम्हीच वाचा. मुलांसोबत — कोणीही एक मोठं माणूस. कोणीही? म्हणजे मामा, आजोबा, शेजारी — मावशीसुद्धा? मग इतका वेळ तोंड का नाही उघडलंत! हां. मीच बोलू दिलं नाही. आणि तो फोन? चहा सांगत होतात. बरं. बरं. काखेत कळसा — निदान इथे तरी नुसतं मावशी म्हटलं असतं तरी...

चिमणे, इकडे ये. या काकांना सांग, मी कोण? नाही, तसं नाही. आता खरं खरं सांगायचं. दार झालं ना आपलं, गंमत संपली, राणी. ताई माझी कोण, तुझी कोण — नीट आठव. बघ माझ्याकडे. हं, कोण मी?

...

पुन्हा तेच. मारा शिक्का, साहेब. आणि असं बघू नका. मागे रांग खोळंबलीय, त्या टोपीवाल्यांना घ्या.