पाठीकडचं भोक

चुकलंय हो दादा, सरळ चुकलंय — हा नमुन्याचा शर्ट पुण्यातच फाडून आणलाय ना? पाठीला एवढंसं भोक, करंगळी जाईल इतकं, आणि छातीला ही मोठी चिरफाड. असे चाळीस शर्ट शिवून आणि वर फाडून द्यायचे म्हणता. देईन की, सोलापुरात गणवेश शिवणारीला चाळीस म्हणजे काय — पण मग तुमच्या सिनेमातले चाळीसच्या चाळीस जवान पळताना मेले म्हणायचे! हसू नका. गोळी शिरते तिथं लहान भोक, निघते तिथं चिंध्या. तुमचं नेमकं उलटं झालंय.

बाईमाणसाला काय कळतं, असं मनात आलं ना? येऊ दे. अहो, लढाईचे सिनेमे बघून बघून डोळे गेले माझे. बाकीच्या बायका सासू-सुनेचं बघायच्या, मी धाकट्या भावाला, चन्नवीरला, घेऊन थेटरात अगदी पुढं. चांगला कुठला, सांगू? भाषण ठोकून मरतो तो नाही. एक होता बर्फातला, नाव आठवत नाही बघा — एकाचा पाय उडतो, तो रांगत जाऊन आपला बूट शोधतो, आत पाय तसाच, आणि हा बसून नाडी बांधायला लागतो. शिट्ट्या मारणाऱ्यांनी तोंडातली बोटं काढली होती. दुसऱ्यात शत्रू इतका जवळ की ओरडायची सोय नाही — मांडी फुटलेला पोरगा स्वतःची बाही दातात धरतो, आणि सकाळी तो मेल्यावर ती बाही सोडवायला त्याचा जबडा मोडावा लागतो. ह्याला म्हणायचं सिनेमा! आणि रक्त असं कुंकवासारखं लाल नको हो. वाळलं की काकवीसारखं होतं, कापड कडक होतं, बोटानं टिचकी मारली की वाजतं.

कुठं बघितलं? सिनेमातच — नाही, खोटं कशाला बोलू. चन्नवीरच्या शर्टावर.

फौजेत भरती झाला होता की तो. मीच केलं म्हणा. त्याला कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये चिकटायचं होतं. मी म्हणाले, चाकं पुसायला जन्मलास होय रे? चार वर्षं बरी गेली. मग एकदा सुट्टी संपली आणि हा जाईना. हितं, ह्या कटिंग टेबलाखाली बसून राहायचा, भर दुपारी. म्हणायचा, "अक्का, माझ्या शेजारी जेवत होता गं तो, आमच्या तुकडीतला. मी भाकरी मागितली, वळून बघतो तर तोंडच नाही त्याला. हात तेवढा भाकरी पुढं करून होता." आणि मी काय म्हणाले? म्हणाले, सिनेमात कोण असं टेबलाखाली बसत नाही बाबा! हसले पण. तरी बाहेर येईना. मग कापड मोजायचा लोखंडी गज उचलला, पाय धरून ओढला त्याला आणि पाठीवर — पाठीवरच — सहा फुटी गडी, एकदाही हात आडवा घातला नाही त्यानं. एक घाव कानावर बसला, रक्त आलं, तेव्हा थांबले. त्याचा गणवेश मीच इस्त्री केला, स्टेशनवर मीच नेऊन बसवला. गाडीत खिडकीशी ताठ बसला होता. टेकताच येत नव्हतं त्याला.

अकराव्या दिवशी फोन आला. मागनं ट्रंक आली, तिच्यात चुकून तो शर्टही आला. लोक म्हणाले, छातीवर गोळी झेलली. भाषणं झाली, हार झाले — आई अजून त्यावरच जगते, तिकडं जुळे सोलापूर भागात, माझ्या धाकट्या बहिणीकडं. पण मी शिवणारीण. पाठीला करंगळीएवढं भोक, आणि पुढून नुसत्या चिंध्या. पळत असेल, नाहीतर कुणाला उचलायला मागं वळला असेल, मला काय ठाऊक! मी दार लावून घेतलं. शर्टाच्याच शिवणीतला धागा उसवला आणि आईनं बघायच्या आत ते पाठचं भोक रफू केलं, अजिबात दिसणार नाही असं. गोळीचं तेवढं मिटवलं दादा. त्याच्याआधी ती पाठ मी फोडली होती, ते कुणी विचारलंच नाही.

म्हणून म्हणते — एकोणचाळीस नीट करून देते, लहान भोक पुढं, चिंध्या मागं. एक मात्र असाच राहू द्या. तुमच्या सिनेमात एक जवान पाठीत गोळी लागून मरू दे. त्याला कुणी भित्रा म्हणू नका, त्याच्यावर कुणी थुंकू नका, नुसता दाखवा. दोन मिनिटं. एवढं एकच मागणं आहे माझं.

काय म्हणता? निर्माते ऐकायचे नाहीत? लोक खुर्च्या फोडतील? — बरोबर आहे की. पहिली खुर्ची मीच फोडली असती.

मग उठा. नाही, एकोणचाळीसही नको, एकही नको. तुम्ही आणलेले कापडाचे तागे तुम्हीच उचला. पुढच्या गल्लीत दहा जण बसलेत, छातीवर पाहिजे तेवढी भोकं पाडून देतील. माझ्याकडं असं बघू नका — जा म्हणते ना. आणि दार ओढून घ्या जाताना.